पंचविशीला अकरा आठवडे कमी: टेक्ससमधल्या एका पहिल्या लायसन्सची हकीकत

प्लेनोमध्ये आमच्याच अपार्टमेंटच्या आवारात साताऱ्याकडचं एक जोडपं राहायला आलं. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, ती एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळतो त्या व्हिसावर. प्लेनो म्हणजे डॅलसच्या उत्तरेचं उपनगर. डार्टची, म्हणजे डॅलस भागातल्या सार्वजनिक वाहतुकीची रेल्वे आहे, पण ती काही किराणा दुकानाच्या दारात नेऊन सोडत नाही. नवरा कामावर गेला की ती घरात अडकायची. तिसऱ्या आठवड्यात डबा परत करायला आली आणि दारातच म्हणाली, "काकू, मला गाडी शिकवाल का?"

मी हो म्हटलं, पण आधी वय विचारलं. चोवीस पूर्ण, पंचविसाव्या वाढदिवसाला अकरा आठवडे बाकी. गावी दहावीपासून वडिलांची स्कूटी चालवलेली, चारचाकीच्या स्टिअरिंगला कधी हात लावलेला नाही आणि लायसन्स कसलंच नाही. हे सगळं इथे सविस्तर लिहितेय, कारण या अकरा आठवड्यांवरूनच त्यांच्या घरात वाद सुरू झाला. आपल्याकडून नव्याने येणाऱ्या कितीतरी घरांत तो होतो.

टेक्ससमध्ये १८ ते २४ वयाच्या माणसाला पहिलं लायसन्स काढायचं तर सहा तासांचा प्रौढांसाठीचा कोर्स करावाच लागतो. २०१० पासून हा नियम आहे. कोर्स वर्गात बसून करता येतो, तसा घरी बसून ऑनलाइनही करता येतो. वयाची पंचवीस वर्षं पूर्ण झाली की सक्ती संपते. मग लेखी परीक्षा, एक तासाचा मोफत व्हिडिओ आणि रस्त्यावरची टेस्ट दिली की काम झालं. तिच्या नवऱ्याचा हिशोब सरळ होता. तो स्वतः सत्ताविसाव्या वर्षी आला होता, कोर्स न करता एका रात्रीत हँडबुक वाचून परीक्षा पास झाला होता. "काकू, अकरा आठवडे थांबली तर कोर्सची कटकटच नाही," तो म्हणाला.

मी त्याला विचारलं, डावीकडे वळायच्या लेनमध्ये पिवळा बाण लुकलुकत असला तर काय करायचं? तो क्षणभर थांबून म्हणाला, "हळू जायचं." त्या बाणाचा अर्थ आहे समोरून येणाऱ्या गाड्यांना आणि रस्ता ओलांडणाऱ्यांना आधी वाट द्यायची, मोकळं झालं की मगच वळायचं. तो चार वर्षं गाडी चालवत होता. त्याला कमीपणा आणावा म्हणून मी हे सांगत नाही. मीही बत्तिसाव्या वर्षी असंच कोर्सशिवाय लायसन्स काढलं आणि पहिल्याच वर्षी डावं वळण घेताना समोरून सरळ येणाऱ्या गाडीला आडवी गेले. हिरवा दिवा होता, मला वाटलं आपल्याला जायला सांगितलंय. कुणाला लागलं नाही. पण समोरच्या गाडीत मागच्या सीटवर एक लहान मुलगा होता, आणि त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

म्हणून मी हट्ट धरला. कोर्स करायचा, आणि तो आत्ताच करायचा.

त्या घरात मी जो मुद्दा मांडला तो इथेही मांडते. टेक्ससमध्ये सोळा-सतरा वर्षांच्या पोराला लायसन्स हवं असेल तर ३२ तास वर्गातलं शिक्षण, ७ तास प्रशिक्षकाबरोबर गाडी चालवणं, ७ तास गाडीत बसून दुसऱ्याचं चालवणं बघणं आणि घरच्या मोठ्या माणसाबरोबर ३० तास सराव लागतो. शिवाय कच्चं लायसन्स सहा महिने हातात असावं लागतं. चोवीस वर्षांच्या माणसाला लागतात स्क्रीनसमोरचे सहा तास. गाडीत बसण्याचा एकही तास कायद्याने बंधनकारक नाही. आणि पंचविशीच्या माणसाला तेही सहा तास नकोत. कच्चं लायसन्स किती दिवस बाळगायचं याचीही प्रौढाला अट नाही. आपल्याकडे निदान कच्च्या लायसन्सनंतर ३० दिवस थांबल्याशिवाय पक्क्याची टेस्ट देता येत नाही. इथे वाढलेल्या सोळा वर्षांच्या पोराने जन्मापासून मागच्या सीटवरून हेच रस्ते पाहिलेले असतात. आमच्या या मुलीने चोवीस वर्षं दुसराच रस्ता पाहिला होता. तिथे रस्त्याच्या डाव्या बाजूने जातात, हॉर्न वाजवून साईड मागतात आणि जो आधी घुसतो तो जातो. वय वाढलं म्हणून ते डोक्यातून आपोआप पुसलं जात नाही, उलट जास्त पक्कं होतं. पंचविशीनंतर येणाऱ्याला हा कोर्स जास्त लागतो, असं माझं ठाम मत आहे.

कोर्स तिने घेतला तो टीडीएलआरची मान्यता असलेल्या एका ऑनलाइन शाळेचा. टीडीएलआर म्हणजे या कोर्सना परवाने देणारं राज्याचं खातं. शाळेचं नाव महत्त्वाचं नाही, बहुतेकांची रचना सारखीच असते. प्रत्येक पानाला ठरलेला वेळ, तो संपल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. प्रकरण संपलं की छोटी प्रश्नावली. भाषा इंग्रजी.

पहिल्या दिवशी तिने काय केलं ते तिनेच मला सांगितलं. लॅपटॉप ओट्यावर ठेवला, पान उघडलं आणि पोळ्या लाटायला घेतल्या. वेळ संपला की पिठाच्या बोटाने पुढचं पान. दीड तासात दोन प्रकरणं झाली आणि वीस पोळ्या. प्रश्नावलीत निम्मी उत्तरं चुकली, पण ती पुन्हा सोडवता येते, म्हणून अंदाजाने पुढे गेली. अशा तऱ्हेने सहा तास पुरे करणारे मी पुष्कळ पाहिलेत. घड्याळाला फक्त पान उघडं आहे एवढंच कळतं.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही पद्धत बदलली. रोज तासभरच, जेवणाच्या टेबलावर, आणि शेजारी दोनशे पानी वही. प्रत्येक पानावर तिने फक्त एका प्रश्नाचं उत्तर मराठीत लिहायचं: इथे कोणी थांबायचं?

हा प्रश्न काही मी ठरवून काढला नव्हता. तो एका शब्दावरून निघाला. 'राइट ऑफ वे' हे तिने वहीत 'वाटेचा हक्क' असं लिहिलं होतं आणि त्यावरून तिचं सगळं उलटं होत होतं. प्रत्येक चित्रात ती हक्क कोणाचा ते शोधायची, आणि हक्क मिळाला की त्या गाडीला जाऊ द्यायची. पण टेक्ससच्या वाहतूक कायद्याची कलमं वाचली तर ती सांगतात की अमुक परिस्थितीत अमुक चालकाने वाट द्यावी. ज्याला वाट मिळते, त्याच्या हातात कायदा काही ठेवत नाही. ज्याने द्यायची, त्याच्यावर जबाबदारी टाकतो. समोरच्याने वाट दिली नाही तरी तुम्ही त्याच्या अंगावर गाडी घालू शकत नाही. मी तिला म्हटलं, हक्क खोडून टाक, 'वाट देणे' लिही. आपल्याकडे पालखी आली, अँब्युलन्स आली की आपण म्हणतोच ना, वाट द्या. तिने त्या शब्दावर काट मारली आणि पुढचं सगळं भराभर सुटायला लागलं.

त्या वहीतलं एक पान माझ्याकडे फोटोत आहे. वर निळ्या शाईत 'चार बाजूंनी स्टॉप'. खाली चौकाचं चित्र, चार चौकोनी गाड्या. शेजारी लिहिलंय: "जो आधी येऊन पूर्ण थांबला तो आधी. दोघं एकदम आले तर उजवीकडच्याला वाट द्या. हात करून तुम्ही जा म्हणायचं नाही." हे शेवटचं वाक्य माझं. आपली माणसं सौजन्याने हात करतात, समोरचाही करतो, मग दोघंही एकदम निघतात.

शाळेच्या पिवळ्या बसचं पान तिने तीनदा वाचलं. बसचे लाल दिवे लुकलुकायला लागले की मागून येणाऱ्याने थांबायचं, आणि समोरून येणाऱ्यानेही. सुटका फक्त मध्ये खराखुरा दुभाजक असेल तर. मधली वळणाची लेन म्हणजे दुभाजक नव्हे. पहिल्याच गुन्ह्याला ५०० ते १२५० डॉलर दंड आहे. "म्हणजे पलीकडच्या बाजूनेसुद्धा?" तिने विचारलं. हो, कारण मूल बसमधून उतरून पलीकडेच धावतं.

दारूवरचं प्रकरण आलं तेव्हा ती म्हणाली, "काकू, हे आपल्याला काय करायचंय?" दोघंही घेत नाहीत. पण त्याच प्रकरणात औषधंही येतात. इथे डिसेंबर ते फेब्रुवारी सीडरच्या झाडांच्या परागांनी लोकांची नाकं वाहतात, डोळे सुजतात, आणि त्यावरच्या, दुकानात कुठेही मिळणाऱ्या काही गोळ्यांनी भरपूर झोप येते. टेक्ससचा कायदा नशेत गाडी चालवण्याच्या व्याख्येत दारूबरोबर औषधंही धरतो. तिच्या पर्समध्ये त्या वेळी तशाच गोळ्यांची एक पट्टी होती. ती बाहेर काढून मागची बारीक अक्षरं तिने मोठ्याने वाचली.

दोन आठवड्यांत कोर्स संपला. शेवटची परीक्षा त्या कोर्समध्येच होती, ३० प्रश्न, पास व्हायला ७० टक्के. तिचे २७ बरोबर आले. कोर्सच्या प्रमाणपत्रावर लेखी परीक्षा धरली जाते, ती सरकारी कार्यालयात पुन्हा द्यावी लागत नाही. तिथे डोळ्यांची तपासणी, अंगठा, फोटो आणि कागदपत्रं. तिला सोशल सिक्युरिटी नंबर नव्हता, तसं लिहून द्यावं लागलं. भाडेकरार नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर, म्हणून ती आपल्यासोबत राहते असं प्रतिज्ञापत्र त्याने दिलं. व्हिसाची पडताळणी त्यांच्या संगणकावरून होते, त्यालाही दिवस गेले. कच्चं लायसन्स हातात आलं तेव्हा पंचविशीला सात आठवडे उरले होते.

आता एक चूक सांगायला हवी, कारण ती मी थांबवू शकले असते. रस्त्यावरच्या टेस्टआधी प्रौढांनी 'इम्पॅक्ट टेक्सस ॲडल्ट ड्रायव्हर्स' हा एक तासाचा मोफत ऑनलाइन व्हिडिओ बघायचा असतो. त्यात फोनमुळे झालेले अपघात आहेत, त्यात माणसं गमावलेले घरचे लोक बोलतात. तो बघून तिने रात्रभर झोप घेतली नाही. पण त्याचं प्रमाणपत्र ९० दिवसच चालतं, आणि तिने तो कोर्स संपला त्याच दिवशी, उत्साहात, बघून टाकला. सराव संपत आल्यावर बघायचा असतो. पुढे ते आम्हाला भोवलं.

सरावासाठी मी तिला पोरांचंच माप लावलं: ३० तास. शेजारच्या सीटवर २१ वर्षांवरचा लायसन्सवाला माणूस लागतो. बहुतेक वेळा मी, शनिवार-रविवारी नवरा. तिचं नाव आधी गाडीच्या विम्यात घातलं. पहिले चार तास एका रिकाम्या पार्किंगमध्ये, सकाळी सातला. स्कूटीची सवय पहिल्या मिनिटाला दिसली: गाडी थांबवायची म्हटलं की दोन्ही हात आवळायचे, जणू ब्रेक हातातच आहे. स्टिअरिंग गच्च धरायची आणि पाय मोकळा राहायचा. तीन-चार दिवसांत गेलं ते.

दुसरी सवय जायला वेळ लागला. रस्त्यात शिरताना तिची मान आधी उजवीकडे वळायची, कारण आपल्याकडे आधी उजवीकडून गाडी येते. इथे आधी डावीकडून येते. वहीत हे लिहिलेलं होतं, कोर्समधल्या प्रश्नाचं उत्तर तिने बरोबर दिलेलं होतं. मान मात्र साताऱ्याचीच होती.

तेहतीस तास भरले. टेस्टची तारीख जवळच्या सरकारी कार्यालयात लांबची मिळत होती म्हणून परवाना असलेल्या एका खासगी शाळेत ठरवली. व्हिडिओच्या प्रमाणपत्राचा तो ८१ वा दिवस होता. पंचविशी होऊन अडीच आठवडे झाले होते. म्हणजे कोर्स टाळून थांबली असती तर पंचविसाव्या वाढदिवसानंतर तिला पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागली असती. कोर्स केल्यामुळे ती त्या दिवशी टेस्टला पोचली होती. नवऱ्याने हा हिशोब स्वतःच मांडला.

पॅरलल पार्किंग तिने एका झटक्यात केलं. चार बाजूंचा स्टॉप, शाळेच्या भागातला ताशी २० मैलांचा वेग, सगळं व्यवस्थित. मग परीक्षकाने तिला ७५ क्रमांकाच्या महामार्गालगतच्या फ्रंटेज रोडवर घेतलं.

फ्रंटेज रोड ही टेक्ससची खास चीज आहे. महामार्गाला अगदी समांतर, त्याच दिशेने जाणारा, दुकानांना जोडणारा रस्ता. महामार्गावरून उतरणारा रॅम्प थेट याच रस्त्यात येऊन मिळतो. कायदा सांगतो, फ्रंटेज रोडवरच्याने उतरणाऱ्या गाडीला वाट द्यायची. कारण उघड आहे: ती गाडी ताशी साठ-सत्तर मैलांवरून वेग कमी करत येते, मागून गाड्या येत असतात, रॅम्पवर तिला थांबायला सांगणं धोक्याचं. ठिकठिकाणी 'यील्ड टू रॅम्प', म्हणजे रॅम्पवरच्याला वाट द्या, अशी पाटीही असते. हे तिच्या वहीत होतं. पान ४१. "खालच्या रस्त्यावरचा थांबणार."

पाटी तिने पाहिली. रॅम्पवरून एक पांढरी एसयूव्ही उतरत होती, ती मात्र पाहिली नाही. आमची ही मुलगी सरळ पुढे गेली. एसयूव्हीवाल्याने जोरात ब्रेक मारला. परीक्षकाने तिला शांतपणे पुढच्या पार्किंगमध्ये गाडी घ्यायला सांगितलं आणि टेस्ट तिथेच संपवली. अशा धोकादायक चुकीला गुण कापत नाहीत, टेस्ट थेट नापास होते.

ती घरी आली आणि वही माझ्यासमोर आपटली. "काकू, मला येत होतं हे! मी लिहिलंय!"

लिहिलं होतं. त्या रात्री आम्ही पान ४१ समोर ठेवून बसलो आणि तासाभराने मला कळलं की काय झालं. तिचं चित्र कोर्समधल्या चित्रासारखंच होतं: आकाशातून पाहिलेलं. दोन रेघा महामार्गाच्या, एक तिरपी रेघ रॅम्पची, दोन चौकोन गाड्यांचे. वरून पाहिलं की दोन्ही गाड्या एकाच वेळी दिसतात. चालकाच्या सीटवर बसलं की रॅम्प समोर नसतोच. तो डाव्या खांद्याच्या मागून येतो, आपल्याच गाडीच्या मधल्या खांबाआड, आणि उतारावरून. डावा आरसा बघून, मान वळवून शोधल्याशिवाय ती गाडी दिसत नाही. वहीतल्या प्रश्नाचं उत्तर तिला येत होतं. तो प्रश्न रस्त्यावर कुठल्या बाजूने येतो ते तिला माहीत नव्हतं. मला वाटतं ऑनलाइन कोर्सची खरी उणीव ही आहे, आणि ती भरून काढता येते, फक्त कोणीतरी ती दाखवायला हवी. माझ्याही लक्षात तोवर आली नव्हती. मी तिला तेहतीस तासांत फ्रंटेज रोडवर फक्त दोनदा नेलं होतं, दोन्ही वेळा रविवारी सकाळी, रॅम्प रिकामे असताना.

पुढचे दोन आठवडे आम्ही वही उलटी केली. तिने वाट देण्याचं प्रत्येक चित्र पुन्हा काढलं, पण या वेळी स्टिअरिंगच्या मागून. खाली डॅशबोर्डची रेघ, वर छोटा आरसा, दोन्ही कडेला दोन आरसे. मग त्या चित्रात जी गाडी दिसणार नाही, तिच्यासाठी एक बाण आणि शब्द: "डावा खांदा", "खांबामागे", "आरशात". अशी सतरा चित्रं झाली. चित्रकला तिची साधारणच आहे, पण त्या सतरा पानांइतकं चांगलं वाहतुकीचं पुस्तक मी पाहिलेलं नाही.

आणि आम्ही रोज संध्याकाळी साडेपाचला, गर्दीच्या वेळी, फ्रंटेज रोडवर गेलो. आधी तीन दिवस गाडी मी चालवली, ती शेजारी बसून मोठ्याने बोलत होती: काय दिसतंय, कोणी वाट द्यायची, मी काय करणार. चौथ्या दिवशी ती चालवायला लागली आणि बोलणं तसंच चालू ठेवलं. "पाटी. डावा आरसा. खांदा. लाल पिकअप उतरतोय. पाय उचलला. जाऊ दे त्याला." मला तिच्या आवाजावरूनच कळायचं तिने पाहिलंय की नाही. पहिल्या दिवशी 'पाटी' आणि 'आरसा' यांच्यामध्ये ती श्वास घ्यायला थांबायची. दहाव्या दिवशी सगळं एका दमात यायला लागलं.

दुसरी टेस्ट ठरली तो दिवस व्हिडिओच्या प्रमाणपत्राचा ९५ वा. म्हणजे ते बाद. तिने तो तास पुन्हा बसून पाहिला. या वेळी एकदा थांबवून ती मला म्हणाली की मागच्या खेपेला तिचं लक्ष रडणाऱ्या माणसांकडे होतं, या खेपेला ती प्रत्येक अपघातात चालक त्या क्षणी कुठे बघत होता ते शोधत होती.

टेस्टला तोच परीक्षक आला. त्याच फ्रंटेज रोडवर नेलं, आणि रॅम्पवर एक मालवाहू ट्रक होता. तिने वेग कमी केला, ट्रकला आत येऊ दिलं. अधिकचे गुण नाहीत त्याला. शंभरपैकी ८८ आले. कापले गेले ते बहुतेक लेन बदलताना खांद्यावरून उशिरा बघितलं म्हणून. ते बरोबरच होतं, ती अजून उशिरा बघते.

नवऱ्याने मधल्या काळात तिची वही वाचून काढली. एका रविवारी त्याने मला विचारलं, लायसन्स असतानाही तो सहा तासांचा कोर्स करता येतो का? येतो. त्याने केला, पानांना पूर्ण वेळ देऊन. आता त्या दोघांत लुकलुकणाऱ्या पिवळ्या बाणावर बोलणं होतं तेव्हा दोघंही एकच उत्तर देतात.

एक गोष्ट राहिली आहे. ७५ आणि ६३५ हे महामार्ग जिथे एकमेकांना छेदतात तिथला पाच मजली 'हाय फाइव्ह' तिने अजून एकटीने पार केलेला नाही. वरच्या पुलावरून जाताना डावीकडे काही दिसत नाही, असं ती म्हणते. पुढच्या रविवारी सकाळी मी शेजारी बसणार आहे, आणि त्याआधी तिने अठरावं चित्र काढून आणायचं आहे.